निक रॉस आणि दोन कॉलमांची चौकट

रात्री साडेअकराला क्रीडा पानावरची जाहिरात उडाली. दोन कॉलम, बारा सेंटिमीटर जागा रिकामी आणि हातात वीस मिनिटं. जाहिरात विभागाला हे अकराच्या आत कळवायला काय होतं, देव जाणे. वर इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगची बातमी होती, म्हणून खाली चौकट ठोकली: प्रेस्टन नॉर्थ एंड क्लब, 1888-89. तिथल्या जुन्या फुटबॉल लीगचा पहिलाच मोसम, 22 सामने, 18 विजय, 4 बरोबरीत, हार नाही. वर एफए कप ही दुसरी स्पर्धाही जिंकली, तीही एकही गोल न खाता. 'बचावाचा कणा स्कॉटिश निक रॉस' हे वाक्य मात्र मी आठवणीवर भरवसा ठेवून टाकलं.

बाहेरगावची डाक आवृत्ती गेली. चहा घेता घेता सहज संघाची यादी उघडली. रॉस होता, पण जिमी. निकचा भाऊ, फॉरवर्ड.

मग बसलो वाचत. निक एडिंबर्गचा, छपरांवर दगडी पाट्या बसवणारा. विशीत तिथल्या हार्ट्स क्लबचा कप्तान आणि 1883 मध्ये प्रेस्टनला. तेव्हा पैसे घेऊन खेळणं हा चोरीचा मामला; खेळाडूला गावात नोकरी लावून द्यायची, ही तोड. 1884 मध्ये प्रेस्टनचं बिंग फुटलं, कपमधून हकालपट्टी झाली. 1885 मध्ये तेच कायदेशीर झालं. फॉरवर्डचा बॅक, म्हणजे बचावपटू होऊन निकनं नाव कमावलं. पण इंग्लंडमध्ये खेळणाऱ्यांना स्कॉटलंड 1896 पर्यंत राष्ट्रीय संघात घेतच नसे. निकला एकही सामना मिळाला नाही. आणि नेमका 1888 मध्ये तो एव्हर्टन क्लबला गेला! एव्हर्टन आठवं आलं. वर्षभरात तो परतला, प्रेस्टननं पुन्हा लीग जिंकली, पण तोवर हरायला सुरुवात झाली होती. 1894 मध्ये क्षयानं गेला, 31 वर्षांचा.

वरिष्ठांना सांगितलं. "1888 चं कोण तपासतंय? पान सोड."

शहर आवृत्तीत मी वाक्य काढलं आणि शेवटी घातलं, 'निक रॉस त्या वर्षी एव्हर्टनकडे होता.' पान लावणाऱ्यानं जागेत बसेना म्हणून नेमकी तीच ओळ कापली. मला विचारलंही नाही.

सातारा-सांगलीला गेलेल्या अंकात तो त्या संघात आहे. पुण्याच्या अंकात त्याचं नावच नाही. फोन कुठूनच आला नाही.