लॅपटॉपचं वायफाय तुटत होतं आणि सर्व्हिस सेंटरला काहीच सापडत नव्हतं – माझा अनुभव

आधीच सांगते, राग अजून पूर्ण गेलेला नाही त्यामुळे थोडं लांबेल. बिघाड कुठे आहे ते मी घरी बसून शोधलं, पण तो बिघाड आहे हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मान्य करून घ्यायला जो वेळ गेला ना, त्याबद्दलच मुख्य लिहायचंय. ज्यांचा लॅपटॉप अजून वॉरंटीत आहे त्यांनी तरी वाचा.

त्रास असा की चालू मीटिंगमध्ये आधी आवाज तुटायचा, मग समोरच्यांचे चेहरे थिजायचे, मग खाली कोपऱ्यात वायफायच्या जागी तो पृथ्वीचा गोळा यायचा आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा थाटात सगळं परत सुरू. रोज नाही, दर तासाला नाही, काही नियमच नाही. फोन त्याच वायफायवर त्याच जागी मस्त चालायचा. आमचा चिंचवडचा फ्लॅट काही वाडा नाही, राउटर हॉलमध्ये टीव्हीजवळ, मी एक तर डायनिंग टेबलवर नाहीतर दुपारी ओट्यापाशी उभी, कारण कुकर लावायचा असतो आणि मीटिंगवाल्यांना त्याचं काय. सासूबाईंचं म्हणणं मायक्रोवेव्हमुळे होतं. ते अगदीच चूक नाही बरं का, मायक्रोवेव्ह आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात चालतात, त्यामुळे मायक्रोवेव्ह चालू असताना नेट रडतं ते खरंच. पण माझा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर होता आणि मायक्रोवेव्ह बंद असतानाही तेच व्हायचं.

नेहमीचं सगळं करून झालं. राउटर बंद-चालू, नेटवर्क फरगेट करून परत जोडणं, लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून वायफायचा ड्रायव्हर टाकणं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘पॉवर वाचवण्यासाठी बंद करायला परवानगी’ वाली टिक काढणं (नवीन लॅपटॉपवर हा टॅबच दिसत नाही, शोधत बसू नका). नेटवर्क रिसेटपण केला, त्याने ऑफिसचं व्हीपीएन आणि सगळे वायफाय पासवर्ड उडतात एवढं लक्षात ठेवून करा. इंटरनेटवाला मुलगा येऊन बघून गेला, ‘ताई लाइन क्लिअर आहे’ म्हणाला, आणि तो बरोबर होता.

तो बरोबर आहे हे कसं कळलं ते सांगते, कारण इथेच बहुतेक लोक अडकतात. काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग टाइप करा, डिफॉल्ट गेटवे म्हणून जो नंबर येईल तो तुमचा राउटर. बऱ्याच घरी १९२.१६८.१.१ असतो, काहींकडे वेगळा. मग पिंग, तो नंबर, आणि पुढे डॅश टी. हे चालू ठेवून काम करत राहायचं. राउटरकडूनच उत्तर यायचं बंद झालं तर प्रॉब्लेम तुमच्या घरातल्या हवेत किंवा लॅपटॉपमध्ये, राउटर उत्तर देतोय पण बाहेरचं काही उघडत नाही तर मग नेटवाल्याला फोन. माझ्याकडे दोन-चार मिलिसेकंदात छान उत्तरं येता येता अचानक ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ची रांग लागायची. म्हणजे नेटवाला सुटला.

दुसरी कमांड नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत, netsh wlan show interfaces). त्यात चॅनल, स्पीड आणि सिग्नल किती टक्के ते येतं. एकदा टाइप केली की वरचा बाण आणि एंटर, वरचा बाण आणि एंटर, असं परत परत बघता येतं. नवऱ्याच्या लॅपटॉपवर त्याच टेबलावर रिसीव्ह रेट, म्हणजे डेटा येण्याचा स्पीड, ८६६ एमबीपीएस दिसायचा, माझ्यावर ४३३ च्या वर जायलाच तयार नाही. तेव्हाच शंका आली होती की दोनातली एक अँटेना गेली असणार, कारण दोन अँटेनाचं कार्ड एकावर आलं की साधारण निम्मंच होतं. आणि मग ओट्यापाशी उभी असताना लक्षात आलं, उभं राहून काम करताना मी स्क्रीन पार मागे पाडते. स्क्रीन मागे, सिग्नल वीस-पंचवीस टक्के. स्क्रीन सरळ, सिग्नल ऐंशीच्या वर. परत मागे, परत खाली. मी तिथे एकटीच टाळ्या वाजवल्या, कुकर साक्षीला.

कारण साधं आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेना स्क्रीनच्या कडेला असतात, कार्ड खाली मदरबोर्डवर, आणि दोन्ही जोडणाऱ्या बारीक वायरी, बहुतेकदा एक काळी एक पांढरी, हिंजमधून, म्हणजे स्क्रीन जिथे वळते त्या बिजागरातून जातात. स्क्रीन रोज उघड-बंद होते, वायर तिथे दाबली जाते, सोलली जाते. झालं, एवढंच. शोध संपला, आता वॉरंटीत वायर बदलून मिळणार असं मला वाटलं.

कस्टमर केअरला फोन केला. त्यांनी राउटर रिस्टार्ट करायला सांगितला. मी म्हटलं केलाय, हिंजपाशी वायर गेलीये, स्क्रीन हलवली की सिग्नल पडतो. ते म्हणाले ठीक आहे मॅडम, आता ड्रायव्हर अपडेट करू. मग म्हणाले रिमोटने बघतो. म्हणजे जे वायफाय तुटतंय त्याच वायफायवरून ते माझ्या लॅपटॉपमध्ये शिरणार! शिरले, आणि तुटलं. परत फोन लावला की नवीन माणूस, नवीन शुभनाव, आणि राउटर रिस्टार्ट करा. शेवटी कंटाळून स्वतःच लॅपटॉप घेऊन सेंटरला गेले.

सेंटरवर टोकन घ्या, बसा, एसी गार, खुर्च्या भरलेल्या. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप त्यांच्या वायफायला जोडला, राउटर त्याच्या डोक्यावर भिंतीला टांगलेला, हाताच्या अंतरावर. व्हिडिओ लावला. ‘चालतंय की मॅडम.’ अरे, चालणारच ना, एवढ्या जवळ अर्ध्या तुटक्या वायरीवर पण चालेल! मी म्हटलं स्क्रीन मागे पाडून बघा, तो म्हणाला आम्ही टेस्टिंगला ठेवू. ठेवला. परत मिळाला तेव्हा जॉबशीटवर ‘नो फॉल्ट फाउंड’.

पुढच्या वेळी दुसरा मुलगा. हा म्हणे सॉफ्टवेअर इश्यू आहे, फॉरमॅट मारावा लागेल. मी स्पष्ट सांगितलं की विचारल्याशिवाय मारू नका. मारला. बॅकअप होता म्हणून वाचले, नाहीतर आज वेगळंच काही लिहीत असते. आणि हे आधी सांगायला हवं होतं, लॅपटॉप कुठल्याही सेंटरला द्यायच्या आधी बॅकअप तर घ्याच पण बिटलॉकरची (म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) ४८ आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये दिसते का ते बघून कागदावर लिहून ठेवा. विंडोज ११ मध्ये ते एन्क्रिप्शन बरेचदा आपोआप चालू असतं, त्यांनी बायोस रिसेट केला किंवा बोर्ड बदलला की ती की मागते आणि नसेल तर डेटाला राम राम. तिथे जी सही घेतात त्यात डेटाची जबाबदारी तुमची असं लिहिलेलंच असतं.

फॉरमॅट झालेला लॅपटॉप घरी आणला, ओट्यावर ठेवला, स्क्रीन मागे, सिग्नल खाली. जसाच्या तसा.

मग मी पुरावे गोळा केले. विंडोजमध्येच एक रिपोर्ट निघतो, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट. मागच्या तीन दिवसांचा आलेख येतो, कधी जोडलं, कधी तुटलं, कारण काय, सगळं वेळेसकट. तो प्रिंट काढून नेला. मुलगा बघून म्हणतो, ‘मॅडम हे विंडोजचं आहे, आम्ही फक्त हार्डवेअर बघतो.’ याच काउंटरवर आधी सॉफ्टवेअर इश्यू म्हणून फॉरमॅट मारला होता!! हार्डवेअर म्हटलं की सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअरचा कागद दाखवला की हार्डवेअर. त्या क्षणी माझा आवाज चढला आणि मला त्याचं काही वाटत नाही, मागच्या खुर्चीवरचे एक काका ‘बरोबर आहे ताईंचं’ म्हणाले.

शेवटी काम झालं ते असं. त्यांचं वायफाय नकोच म्हटलं. माझ्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं, फोन दाराजवळच्या लांबच्या खुर्चीवर त्या काकांकडे दिला, लॅपटॉप काउंटरवर ठेवला, कमांड चालवली आणि मुलाला म्हटलं आता तुम्ही स्वतः स्क्रीन मागे करा. ८४. मागे. २६. सरळ. ८१. मागे, आणि कनेक्शनच गेलं. तो काही न बोलता आत गेला आणि आतून एक वयस्क इंजिनिअर आला. त्याने एकदाच बघितलं, ‘हिंजची वायर’ म्हणाला आणि तिथेच खालचं कव्हर उघडून बघतो म्हणाला. हा माणूस पहिल्या दिवशी बाहेर का नव्हता? एक वायर पूर्ण तुटलेली आणि दुसरीचं कव्हर सोललेलं निघालं.

संपलं वाटलं ना? मग काउंटर म्हणालं फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं लॅपटॉपवर एक पोचा दाखवा, एक चीर दाखवा. नाही. मग ‘आतली वायर हिंजमध्ये दाबून तुटली ती ग्राहकाची चूक’ असं जॉबशीटवर लिहून सही-शिक्का द्या, मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करते. लिहून द्यायला कोणीच तयार होईना. मॅनेजर आले, फोन झाले, आणि वॉरंटीत बसलं. त्यानंतर पार्ट ऑर्डर केलाय, पार्ट येतोय, पार्ट आलाय पण इंजिनिअर रजेवर आहे, हे सगळं झालं, ते सांगत बसत नाही.

आता ओट्यापाशी स्क्रीन कितीही पाडली तरी सिग्नल ऐंशीच्या वर आणि रिसीव्ह रेटपण ८६६.

सुचेल तसं बाकीचं. जॉबशीटवर तक्रार त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू देऊ नका, त्यांनी माझी ‘स्लो इंटरनेट’ लिहिली होती, ‘स्क्रीन मागे केल्यावर वायफाय सिग्नल पडतो’ असं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. स्क्रीन हलवतानाचा व्हिडिओ आधीच काढून ठेवा. विंडोज ११ च्या नव्या व्हर्जनमध्ये ती सिग्नलची कमांड लोकेशन बंद असेल तर एरर देते, सेटिंगमध्ये लोकेशन चालू करा की चालते. स्क्रीन हलवून काहीच फरक पडत नसेल आणि २.४ वर असाल तर यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा हब काढून बघा, त्याचा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात येतो, माझ्या बहिणीचं तेवढ्यानेच सुटलं. आणि वॉरंटी संपली असेल तर हिंज उघडण्याच्या नादी लागायच्या आधी ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा) यूएसबी वायफाय डोंगल लावून बघा, छोट्या एक्स्टेन्शन वायरने लॅपटॉपपासून जरा लांब ठेवा, फक्त २.४ वाला स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.