काकांचा उजवा कान

लोकांना घरच्या संगीतासाठी त्यांच्या बजेटात बसणारा स्टिरिओ निवडून द्यायचा, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक काका आले. वय साठीच्या पुढचं, हातात चार सीड्या आणि घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं: १०० वॅट, दोन स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर. त्याखाली रकमेचा आकडा आणि त्याच्याखाली दोन रेघा.

वॅटचा विषय मी आधीच मिटवला. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, म्हणजे कानाला थोडासाच जाणवेल इतका. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघावी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठ्याने वाजतो ते. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर ५० वॅटमध्ये १०० वॅटचं काम होतं. काकांनी ते चिठ्ठीवर टिपून घेतलं.

मग त्यांना ऐकायच्या खोलीत बसवलं. स्पीकरच्या दोन जोड्या लावल्या, ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि खुर्ची मिळून समभुज त्रिकोण. दोन्ही जोड्यांचा आवाज मीटरने सारखा केला. जो स्पीकर जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, म्हणून मीटर न लावता केलेली तुलना मी धरतच नाही. काकांचीच सीडी लावली. एक बाई गाते आहे, डाव्या बाजूला गिटार, उजवीकडे व्हायोलिन.

"काका, गाणारी कुठे उभी आहे असं वाटतं?"

"उजवीकडे."

ती मधोमध असायला हवी होती. बॅलन्सचं बटण बरोबर मध्यावर होतं. त्यांच्या खुर्चीत मी स्वतः बसून पाहिलं, तर आवाज अगदी समोरून, मधून येत होता. तारा तपासल्या. एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली गेली की गळा कुठूनच नीट येत नाही आणि बेस पातळ होतो. पण तारा बरोबर होत्या. मग मी आमच्या कामातली सगळ्यात जुनी युक्ती केली. डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. दोष यंत्रात असेल तर तो तारेबरोबर दुसऱ्या बाजूला जातो.

"आता?"

"उजवीकडेच."

शेवटी त्यांना स्पीकरकडे पाठ करून बसायला सांगितलं. आता त्यांचा उजवा हात खोलीच्या दुसऱ्या टोकाला आला होता. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "अजून उजवीकडूनच."

मी गाणं थांबवलं. ते म्हणाले, "डावा कान लहानपणी गालगुंडात गेला. आधीच सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, मग दोन स्पीकर कशाला? स्टिरिओत गाणं खोलीत उभं राहतं असं सगळ्यांकडून ऐकत आलोय. वाटलं, चांगल्या मशीनवर एकदा तरी मलाही कळेल."

माझ्या पोटात तुटलं. पण खोटी आशा दाखवायची नव्हती. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला जरा नंतर पोचतो. हा फरक एक मिलिसेकंदाहूनही कमी असतो. तो फरक आणि दोन कानांमधला लहान-मोठेपणा यांवरूनच मेंदू मुख्यतः डावी-उजवी दिशा ठरवतो. एकाच कानावर तो हिशेब जुळत नाही, मग स्पीकर कितीही भारी असो. हे त्यांना मी सरळ सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सीड्या गोळा करायला घेतल्या.

"थांबा काका, एकदा हे ऐका," म्हणत मी अ‍ॅम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र होऊन दोन्ही स्पीकरमधून सारखीच येते, आणि तेच गाणं पुन्हा लावलं.

पहिल्या ओळीतच ते पुढे झुकले. "हे काय वाजलं? सर्र असं?"

तारेवरून बोट सरकल्याचा आवाज होता तो. सीडीत गिटार फक्त डाव्या बाजूला होती, आणि डावीकडून आलेल्या आवाजातले उंच सूर उजव्या कानापर्यंत जाता जाता डोक्याच्या आडोशाने दबतात. ही सीडी ते किती वर्षं ऐकत होते, आणि ते बोट त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आलं. त्यांनी ती ओळ माझ्याकडून तीन वेळा मागे घेऊन लावून घेतली.

मग सगळी खरेदी आम्ही नव्याने मांडली. घरात ऐकणारे ते एकटेच. तेव्हा दोन बेताचे स्पीकर आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हे सगळं सोडून, पूर्ण रकमेचा एकच अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर, म्हणजे स्टुडिओत वापरतात तसा स्पीकर, घ्यायचं ठरलं. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, आणि असा स्पीकर जोडीशिवाय एकटाही मिळतो. त्याच पैशात बेस वाजवणारा वूफर मोठा मिळाला, बेस खोल गेला. मोनोचं एक नुकसान असतं. काही रेकॉर्डिंगमध्ये दोन बाजूंचे आवाज एकमेकांना खोडतात. त्यांच्या एका सीडीत मागचा कोरस बराच पुसला गेला. ते मी मुद्दाम ऐकवलं. "चालेल," म्हणाले.

फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करून दिला. सीडी प्लेअरसाठी वायर मात्र बनवावी लागली. डावं-उजवं आउटपुट थेट एकत्र जोडायचं नसतं, दोन्ही एकमेकांवर भार टाकतात. म्हणून दोन्हीकडे एकेक किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर केला, पुढे एकच पिन काढली आणि वर स्लीव्ह चढवली. हे होईपर्यंत काका शेजारी उभे राहून बघत होते.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज घुमतोय, म्हणाले. स्पीकर कोपऱ्यात ठेवला होता. दोन भिंती मिळून बेस फुगवतात. कोपऱ्यातून दोनेक फूट बाहेर काढून खुर्चीच्या उजव्या हाताला ठेवायला सांगितलं. फोन तसाच चालू होता. स्पीकर फरशीवरून सरकल्याचा आवाज आला, मग त्या बाईचं गाणं, आणि ते बोट तारेवरून सरकलं तेव्हा काका म्हणाले, "हं. आलं."