पाटणादेवीचा कण्हेरगड: एका दिवसाच्या सॅकमध्ये काय हवं, काय नको

आयोजकाकडून आम्हाला जी यादी आली तिच्यात पोंचो होता, सॅकचं रेनकव्हर होतं, कपड्यांचा जास्तीचा जोड होता. पाणी 'दोन लिटर पुरे'. पायात 'कोणतेही स्पोर्ट शूज चालतील'. श्रेणी सोपी, वेळ चार तास. लोणावळ्याच्या बाजूला जुलैमध्ये ही यादी बिनचूक ठरेल. चाळीसगावच्या कण्हेरगडावर दिवाळीनंतर ती प्रमाण मानून गेलात तर हाल होतील. आमचे झाले. पोटऱ्या अजून भरलेल्या आहेत आणि मोज्यांतली कुसळं अजून निघताहेत. सगळं ताजं आहे तोवर लिहून काढतो, म्हणजे पुढच्या शनिवार-रविवारी जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आधी कोणता कण्हेरगड ते नीट पाहून घ्या. नाशिक जिल्ह्यातही याच नावाचा किल्ला आहे आणि दोघांची माहिती एकमेकांत मिसळलेली सापडते. हा पाटणादेवीचा, चाळीसगावपासून साधारण 18 किलोमीटरवरचा, गौताळा औट्रमघाट अभयारण्यातला. देवीचं मंदिर, जवळचं हेमाडपंती महादेव मंदिर, वरच्या नागार्जुन कोठडी या लेण्यातल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती, सगळं बघण्यासारखं आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद असलेला शिलालेख इथल्याच पाटणे गावचा, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. देवळापर्यंत घरातली म्हातारी माणसंही सहज येतात. तेवढंच करायचं असेल तर पिशवीत बाटली टाका आणि जा, पुढचं काही वाचू नका.

अडचण लेण्यांच्या पुढे आहे. माथ्याकडे जाणारी वाट या दिवसांत गवतात बुडालेली असते. गवत कमरेएवढं, वाळून पिवळं पडलेलं, आणि त्यात निम्मी कुसळी. खाली सुटा मुरूम. फरशीवर दादर ज्वारी सांडावी आणि तिच्यावरून चालावं, तसा पाय सरकतो. एका अंगाला उतार थेट झाडीत जातो. दोर लागेल असा कातळटप्पा नाही, दृष्टिभय, म्हणजे खालची खोली पाहून वाटणारी भीती, म्हणावं असंही फार नाही. पण गवतामुळे पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही आणि आधाराला धरायचं तर गवतच, ते मुळासकट हातात येतं. चढताना निभावलं. उतरताना बहुतेक सगळे बसून, हात टेकत, वीतवीत सरकत आले. बाकीच्या वाटेवर गेला नसेल इतका वेळ या एका टप्प्यानं खाल्ला. श्रेणी 'सोपी' लिहिणाऱ्यानं हा टप्पा एक तर उन्हाळ्यात, गवत जळून गेल्यावर पाहिला असेल, नाही तर पाहिलाच नसेल. माझ्या मते दिवाळी ते जानेवारी ही मध्यम श्रेणीची वाट आहे, आणि नवख्यांना लेण्यांवरून परत पाठवावं.

आता कुसळ. एक कुसळ हातात घेऊन नीट पाहा. टोक अणकुचीदार, त्या टोकावर मागे वळलेली बारीक ताठ लव, आणि शेपटाला लांब केस, पीळ पडलेला. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानं टोक आत आत घुसत जातं. बी जमिनीत शिरावं म्हणून ही रचना आहे. घामानं भिजलेला मोजाही त्याला जमिनीसारखाच चालतो. लव मागे वळलेली असल्यामुळे ते आलेल्या वाटेनं परत निघत नाही. शेपूट धरून उपटलं तर शेपूट हातात येतं आणि टोक आत राहतं. मोजा काढायचा, उलटा करायचा आणि टोक चिमट्यानं पकडून पुढच्याच बाजूनं ओढून काढायचं. वाटेत प्रत्येक जण शेपटं उपटत होता आणि दुखणं वाढवून घेत होता.

म्हणून कपड्यांबद्दल माझं मत ठाम आहे. जाड विणीचे सुती मोजे, जाळीदार कापडाचे बूट आणि लेगिंग्ज, यांतलं काहीही इथे आणू नका. जाळीच्या बुटात कुसळ वरून शिरतं, अंगठ्याच्या मुळाशी येऊन बसतं आणि बूट काढल्याशिवाय सुटका नाही. पँट पूर्ण लांबीची, गुळगुळीत, घट्ट विणलेल्या कापडाची. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गेटर, म्हणजे पँटवरून चढवायचं कापडी आवरण. विकतचे नसतील तर जुन्या छत्रीच्या कापडाचे शिवून घ्या: रुंद पट्टी, वर आणि खाली इलॅस्टिक, खालून बुटाच्या नाडीत अडकवायला एक हुक. कोपऱ्यावरचा टेलर तासाभरात करून देईल. आमच्यात एका ताईंनी अशी जोडी शिवून आणली होती. गड उतरल्यावर सगळे ओट्यावर बसून पायांशी झटापट करत होते तेव्हा त्या एकट्या चहा घेत होत्या. या अख्ख्या दिवसातली सगळ्यात कामाची वस्तू तीच, महागड्या बुटांपेक्षाही.

खाजकुइलीही याच दिवसांत तयार होते. झाडांवर चढलेला वेल, तपकिरी मखमली शेंगा. त्यांची लव नुसत्या धक्क्यानं उडते आणि मानेवर, मनगटावर बसते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेभोवती उपरणं किंवा बफ ठेवा. लागलीच तर चोळू नका, खाजवू नका, लव आणखी पसरते. चिकटपट्टीचा तुकडा लावून उचलायचा, चार-पाच वेळा, आणि मग पाण्यानं धुवायचं. चिकटपट्टीचं एक छोटं बंडल सॅकमध्ये असावंच, पुढे तिचं दुसरं काम आहे.

पाण्याचं गणित साफ चुकीचं सांगितलं गेलं. दोन लिटरमध्ये आम्ही माथा गाठायच्या आत कोरडे पडलो. नोव्हेंबर असला तरी खानदेशचं ऊन आहे. दहानंतर धारेवर सावली नाही, कातळ तापलेला, आणि हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही, फक्त शर्टावर पांढरे पट्टे उमटतात. वाटेत गुरं घेऊन बसलेल्या एका बाबांनी आमच्या सॅककडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "तुमनाजोडे पानी कितलं शे?" उत्तर ऐकून त्यांनी मान हलवली आणि लेण्यांवरूनच परत फिरायला सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. यादीत 'गडावर टाक्यांमध्ये पाणी मिळेल' असंही लिहिलेलं होतं. टाकी आहेत. पाणी हिरवंगार, वर शेवाळाची साय. क्लोरीनच्या गोळीनं जंतू मरतात, पण इतक्या गढूळ पाण्यात तिचाही भरवसा धरता येत नाही. गाळायला दाट कापड आणि गोळ्या अडीअडचणीसाठी ठेवा, हिशोबात धरू नका.

माणशी चार लिटर. चार किलो वजन होतं, मान्य. ते बाकीचं सामान कमी करून भरून काढा. एकच मोठा कॅन नको, एक-एक लिटरच्या बाटल्या घ्या, म्हणजे किती उरलं ते डोळ्यांना दिसतं. अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा कितीही जवळ दिसो. ओआरएसच्या दोन पुड्या ठेवा. साधारण 21 ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, ती एक लिटरमध्येच घालायची. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतून घट्ट पाणी पिणं चुकीचं आहे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातली गोड फळांच्या चवीची खोकी म्हणजे ओआरएस नव्हे.

बूट. आमच्यातल्या एका दादांचे ट्रेकिंगचे चांगले, नावाजलेले बूट त्याच मुरमाड टप्प्यावर फाटले. फाटले म्हणजे वरचा भाग जसाच्या तसा आणि तळ अख्खा सुटून आला. बूट कित्येक वर्षं माळ्यावर खोक्यात होते, फारसे वापरलेलेच नव्हते, आणि कारण तेच आहे. तळाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणानं हळूहळू कुजतो, वापर नसला तरी कुजतो, आणि पहिल्याच कसाच्या चढावर भुगा होऊन सुटतो. निघायच्या आठवडाभर आधी बूट घालून जिने चढा-उतरा, टाच आणि चवडा हातानं वाकवून पाहा. भेग दिसली, भुरभुर पडली, तर ते बूट नकोत. खाचा शाबूत असलेले साधे कॅनव्हासचे बूट त्यापेक्षा बरे. त्या दादांचा तळ आम्ही चिकटपट्टी आणि सुतळीनं आवळून बांधला आणि त्याच्यावरच ते खाली आले. पाच-सहा हात सुतळीचं वजन काही नसतं, टाकून ठेवा.

काठी घ्या, एकच. दोन असल्या की घसाऱ्यावर टेकायला हात मोकळा राहत नाही. पुढचं गवत आपटत चालायलाही ती लागते. गवतात साप असतात आणि पायांची धमक लागली की बहुतेक बाजूला होतात. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला चालू न देता, पाय न हलवता चाळीसगावला न्यायचं. दरीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून कोण कुठे गेलंय आणि कधी परतणार हे देवळाजवळच्या दुकानात सांगून जा.

कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं आहेत, आम्हाला लेण्यांच्या वाटेवरूनच दिसली. अत्तर, डिओ लावून येऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका. आमच्याबरोबर स्पीकर आणलेला एक गट होता. त्यांच्याशी वाद घालावा लागला आणि तो घातला, याचं मला समाधान आहे.

हेडटॉर्च सकाळी निघालात तरी हवाच. नोव्हेंबरात सहाच्या आत सूर्य जातो आणि डोंगराच्या कुशीत अंधार त्याच्याही आधी होतो. मोबाइलची टॉर्च लावली की एक हात अडकतो आणि तोच हात मुरमावर लागतो.

खायला दशम्या, शेंगदाणे-गूळ, काकडी. घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आलेला असतो, पण ठेचा परतल्यावर खा, वर तहान वाढवतो. केळी जळगावची असोत की कुठलीही, सॅकमध्ये त्यांचा लगदा होतो. कडक डबा नसेल तर आणू नका. देवळाच्या आसपास माकडं आहेत, खाऊ चेनच्या कप्प्यात ठेवा.

घरी ठेवायच्या वस्तू: पोंचो, रेनकव्हर, जास्तीची जीन्स, दोर, स्लीपिंग मॅट, स्टोव्ह. पंचवीस लिटरची सॅक पुरते. मोठी सॅक आणली की भरली जाते, आणि गवतातून वाकून जाताना दर काटेरी फांदीत अडकते.

पावसाळ्यात या यादीचा उपयोग नाही, तेव्हा प्रश्नच वेगळा. पाटणादेवीच्या पायथ्याची डोंगरी नदी आणि आसपासचे ओढे बघता बघता चढतात. 31 ऑगस्ट 2021 ला याच डोंगरातल्या पावसानं डोंगरी आणि तितूरला पूर आला, चाळीसगावात पाणी शिरलं आणि कन्नड घाटात दरड कोसळली. ओढा गढूळ व्हायला लागला की ओलांडून पलीकडे जायचं नाही, मग पोंचो कितीही चांगला असो.

वाटाड्या घ्याच. पाटण्यातला माणूस घेतला तर गवतातली वाट तो पायांनी ओळखतो. आम्ही त्याच्याशिवाय गेलो, कारण आयोजकानं 'वाट ठळक आहे' असं कळवलं होतं. ढोरवाटा ठळक आहेत, गडाची वाट नाही. अभयारण्याचं शुल्क भरा आणि पावती घ्या.

शेवटचं रिक्षाबद्दल. चाळीसगावहून येण्याजाण्याचं म्हणून सकाळी ठरलेलं भाडं संध्याकाळी दीडपट झालं. कारण 'थांबायचे वेगळे'. त्या वेळी तिथे दुसरं वाहन नसतं आणि ते चालकाला ठाऊक असतं, द्यावेच लागले. थांबण्याचा वेळ किती आणि त्याचे किती, हे रिक्षात बसायच्या आधी चार लोकांसमोर बोलून घ्या, अर्धेच पैसे आधी द्या. पाच-सहा जण असाल तर दिवसभरासाठी गाडी ठरवणं परवडतं. गाडीत एक साधी चप्पल आणि कोरडे मोजे ठेवून वर जा.