एसी व्हेंटमध्ये बूस्ट गेज बसवताना

टर्बो असलेल्या गाडीत वेगळा बूस्ट गेज, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब दाखवणारा दर्शक, बसवायचे ठरले, की पहिला प्रश्न जागेचा येतो आणि त्याची सर्रास दिली जाणारी दोन उत्तरे मला पटत नाहीत. समोरच्या काचेलगतच्या खांबावर, म्हणजे ए-पिलरवर, गेज लावलेला दिसायला रुबाबदार असतो; परंतु अनेक गाड्यांमध्ये कर्टन एअरबॅगचे (बाजूच्या काचांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगचे) पुढचे टोक त्याच आवरणामागे असते आणि एअरबॅग उघडण्याच्या मार्गात कोणतीही कठीण वस्तू उभी करणे हा शुद्ध अविचार होय. डॅशबोर्डवर चिकटवलेला गेज काचेआडचा थोडासा रस्ता झाकतो आणि रात्री त्याचे प्रतिबिंब त्याच काचेत उमटते. एसी व्हेंट मात्र नजरेच्या टप्प्यात असते, गोल किंवा चौकोनी खोबण तिथे आयतीच असते, आणि पुढेमागे गाडी विकताना मूळ व्हेंट परत बसवले की डॅशबोर्डवर एकही भोक राहत नाही.

तरीही व्हेंट ही रिकामी खोबण नव्हे, तो हवेचा रस्ता आहे, हे काम सुरू करण्यापूर्वीच नीट लक्षात घ्यावे. दाराजवळच्या कडेच्या व्हेंटमधून येणारी हवा बाजूच्या काचेवरचे धुके घालवते आणि त्याच काचेतून आपण आरसा पाहतो. त्यामुळे ते व्हेंट पूर्ण बुजवण्याच्या मी विरोधात आहे. मधल्या दोन व्हेंटपैकी स्टिअरिंगच्या जवळचे व्हेंट मी निवडले, कारण तिथली हवा थोडी कमी झाली तरी शेजारचे व्हेंट ती उणीव बऱ्यापैकी भरून काढते, आणि काट्याकडे पाहण्यासाठी मान वळवावी लागत नाही.

बहुतेक गेज 52 मिमी व्यासाचे असतात आणि त्या मापाचे, खास एकेका गाडीसाठी बनवलेले होल्डर मिळतात. असा होल्डर घेताना तो हवेचे काय करतो हे आधी पाहावे. काही होल्डर संपूर्ण तोंड बंद करतात. काहींमध्ये गेजभोवती कडेने फट ठेवलेली असते आणि हवा त्या फटीतून बाहेर येते. मी दुसऱ्या प्रकारच्या बाजूचा आहे, पण त्यालाही एक किंमत मोजावी लागते. एसीची थंड हवा गेजच्या पाठीवरून आणि कडेवरून सतत वाहिल्याने त्याची काच गार पडते, आणि एसी बंद करून दमट हवेत दार उघडले की तिच्यावर दव धरते. हीटर चालू असताना याच्या उलट घडते आणि गेजमागचे सर्किट गरम हवेत भाजत राहते. यावर उपाय म्हणून गेजच्या मागच्या भागाभोवती बंद पेशींच्या फोमची पट्टी गुंडाळावी, म्हणजे हवा कडेने जाईल आणि थेट सर्किटवर आदळणार नाही. त्रिमितीय छपाईचा होल्डर असेल तर पीएलए हे प्लास्टिक टाळावे. ते सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून अधिक तापतो. एबीएस किंवा एएसए ही प्लास्टिके सुमारे 100 अंशांपर्यंत आकार धरून राहतात.

खोलीचे माप तर लोक हमखास विसरतात. गेजची जाडी, मागचा कनेक्टर आणि तिथून वळणाऱ्या वायरी या सगळ्यांना जागा लागते, आणि व्हेंटमागचा डक्ट, म्हणजे हवेची नळी, काही गाड्यांमध्ये लगेच वळण घेतो. व्हेंट काढताना लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये. प्लास्टिकची पट्टी कडेच्या फटीत सरकवून एकेका क्लिपजवळ हळूहळू जोर दिला, की "टक्" असा आवाज येऊन ती सुटते. आवाजाआधी प्लास्टिक पांढरे पडू लागले, तर क्लिप दुसरीकडे आहे असे समजून थांबावे.

गेज यांत्रिक घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, याबाबत माझे मत ठाम आहे. यांत्रिक गेजसाठी इंजिनमधून दाबाची नळी थेट केबिनमध्ये आणून काट्यापर्यंत न्यावी लागते. ती कुठेही मुडपली की काटा खोटे सांगू लागतो. इलेक्ट्रॉनिक गेजमध्ये सेन्सर इंजिनच्या बाजूला राहतो आणि आत फक्त वायर येते. तेलाच्या दाबाचा गेज असेल तर हा मुद्दा अधिकच गंभीर होतो, कारण तिथे फुटलेली नळी म्हणजे पायांवर गरम तेल.

सेन्सरसाठी दाब घ्यायचा तो थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे, इनटेक मॅनिफोल्डच्या (ती हवा सिलिंडरांना वाटणाऱ्या नळ्यांच्या) बाजूने. थ्रॉटलच्या अलीकडे घेतला तर पेट्रोल इंजिनचा निर्वात, म्हणजे वातावरणापेक्षा कमी असलेला दाब, कधीच दिसणार नाही. ब्रेक बूस्टरच्या जाड नळीत टी-जोड टाकण्याचा सोपा मार्ग पुष्कळजण सुचवतात, परंतु ज्या नळीवर ब्रेकची मदत अवलंबून आहे तिला मी हात लावत नाही. मॅनिफोल्डवर बारीक नळीची एखादी स्वतंत्र वाट बहुधा सापडते. टी-जोड नळीच्या आतल्या व्यासाशी जुळणारा असावा आणि त्याच्या तिन्ही तोंडांवर क्लिप असाव्यात. इंजिन नुसते चालू असताना आतल्या ओढीने नळी आपोआप चिकटून बसते, त्यामुळे सगळे ठीक आहे असा भास होतो. टर्बोचा दाब वाढला, की तीच नळी बाहेर ढकलली जाते.

वायर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून, आत आणताना नवे भोक पाडण्याऐवजी मूळ हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) रबरी ग्रोमेटमधून वाट काढावी आणि ती वायर स्टिअरिंगच्या दांड्यापासून व पेडलपासून दूर बांधावी. डॅशबोर्डच्या आत काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये विद्युतभार थोडा वेळ साठून राहतो. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात; त्यांना टेस्ट लॅम्प लावून पाहणेसुद्धा धोक्याचे आहे.

वीज घेण्यासाठी एखाद्या वायरीचे इन्सुलेशन खरवडून दुसरी वायर गुंडाळणे हा जुना जुगाड आता तरी सोडावा. फ्यूज बॉक्समध्ये मूळ फ्यूजच्या जागी बसून वेगळी जोडणी देणारा फ्यूज टॅप वापरावा, आणि तो किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या, फारशा महत्त्वाच्या नसलेल्या सर्किटवर, उदाहरणार्थ लायटर सॉकेटवर, बसवावा. एअरबॅग, ब्रेकची एबीएस यंत्रणा किंवा इंजिनच्या संगणकाच्या फ्यूजला कधीही हात लावू नये. गेजला फार कमी प्रवाह लागतो, त्यामुळे 2 किंवा 3 अँपिअरचा फ्यूज पुरतो. अर्थिंग रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर, रिंग टर्मिनलने पक्के करावे. सेन्सरची ऋण वायर मात्र गेजच्या स्वतःच्या हार्नेसमधूनच परत न्यावी; तिला इंजिनच्या बॉडीवर वेगळे अर्थ दिले, तर दोन जागांमधील किंचित व्होल्टेजचा फरकही काट्यात दिसतो. दिव्यांच्या वायरीबाबत एक सूचना: अनेक नव्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डचा प्रकाश वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्पंदांनी कमी केला जातो आणि त्या वायरीवर जोडलेला गेज लुकलुकतो. प्रकाश कमी-जास्त करण्याचे स्वतःचे बटण असलेला गेज घेतला, की हा त्रास उरत नाही.

होल्डरमध्ये गेज घट्ट करण्याआधी तो फिरवून पाहावा. आकडे सरळ दिसलेच पाहिजेत असा हट्ट धरण्यापेक्षा, नेहमीचा कमाल बूस्ट दाखवताना काटा वर, बाराच्या जागी यावा अशी मांडणी मला सोयीची वाटते. मग आकडा न वाचताही काटा पुढे गेल्याचे कळते.

आवरणे लावण्यापूर्वी गेज तपासावा. किल्ली फिरवून, इंजिन बंद असताना, सापेक्ष दाब, म्हणजे वातावरणाच्या तुलनेतला दाब, दाखवणारा गेज शून्यावर हवा. निरपेक्ष दाब, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला दाब, दाखवणारा गेज समुद्रसपाटीला सुमारे 100 किलोपास्कल दाखवेल आणि 1000 मीटर उंचीवर 90 च्या आसपास. पेट्रोल इंजिन गरम होऊन संथ चालू असताना काटा साधारण उणे 0.6 ते उणे 0.7 बारवर स्थिर राहायला हवा. तो कायम शून्याच्या बराच जवळ असेल किंवा इंजिन अडखळत असेल, तर प्रथम टी-जोड पाहावा. तिथून बेहिशेबी हवा आत जात असण्याची शक्यता मोठी असते. डिझेल इंजिनात एवढा निर्वात तयारच होत नाही, त्यामुळे तिथे संथ गतीला काटा शून्याजवळ दिसणे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी निर्वाताची अर्धी तबकडी नसलेला गेज घेतला तरी चालतो. वाचन बरोबर आले, की मागच्या वायरींवर कापडी टेप गुंडाळावा, म्हणजे त्या डक्टवर आपटून खडखडाट करणार नाहीत, आणि मग क्लिप दाबून होल्डर जागेवर बसवावा. काढलेले मूळ व्हेंट टाकून देऊ नये.