तुम्ही विचारलंत म्हणून: सभागृहात प्रश्न विचारून होतं काय?

‘ताई, आमदार तिकडे उभे राहून प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, टीव्हीवर दोन मिनिटं दिसतं. त्यानं होतं काय?’ सोसायटीची बैठक असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो की लग्नाची पंगत, माझं काम कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही तयार असतं: काहीच होत नाही. मी तिथल्या तिथे दोन वाक्यं बोलते आणि ती अपुरी पडतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी माझ्या कामाबद्दल. मी कुठल्याही पक्षाची नाही. पुण्यातल्या आमदारांना, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही, प्रश्नांचे आणि लक्षवेधी सूचनांचे (म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायच्या सूचनांचे) मसुदे तयार करायला मदत करते. विषय ठरलेले: महिलांची सुरक्षा, रस्त्यावरचे अपघात, सरकारी रुग्णालयं, बालगृहं. अधिवेशनं वर्षातून तीन. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. त्याआधीचे काही आठवडे आमच्या घरात कागदांशिवाय दुसरं काही दिसत नाही.

माझं उत्तर असं आहे की प्रश्नानं होतं, नक्की होतं. मात्र प्रश्न नेमका हवा, आणि उत्तर आल्यावर ते हातात घेऊन कुणीतरी पिच्छा पुरवायला हवा.

कल्याणीनगरचंच घ्या. १९ मे २०२४च्या पहाटे भरधाव पोर्शे गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. काही तासांत त्याला बाल न्याय मंडळाकडून जामीन मिळाला आणि त्यात तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे ससून या सरकारी रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. जूनच्या अखेरीस पावसाळी अधिवेशन सुरू होणार होतं आणि लोक माझ्याकडे मसुदे घेऊन येत होते. जवळजवळ प्रत्येकात एकच मागणी: ‘आरोपीवर कठोर कारवाई करणार काय?’

संताप मला समजत होता, माझाही तोच होता. पण या प्रश्नाचं उत्तर कुणालाही घरबसल्या लिहिता येईल. गुन्हा दाखल झाला आहे, तपास चालू आहे, नियमानुसार कारवाई करण्यात येत आहे. मंत्री हे वाचून खाली बसले की प्रश्न संपला.

म्हणून आम्ही घटना उलगडत गेलो. महाराष्ट्रात बिअरसाठी वय एकवीस आणि इतर मद्यासाठी पंचवीस पूर्ण लागतं. सतरा वर्षांच्या मुलाला पबमध्ये दारू मिळाली, तर त्या पबची शेवटची तपासणी कधी झाली आणि ती कुणी केली, हे राज्य उत्पादन शुल्क विभागानं सांगायचं. गाडीची कायमची नोंदणी झालेली नव्हती. मग ती रस्त्यावर आलीच कशी, याचं उत्तर परिवहन विभागाकडे. घटना वेळेत वरिष्ठांना कळवली नाही म्हणून दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, तो विषय गृह विभागाचा. रक्ताचे नमुने कुणाच्या ताब्यातून कुणाकडे जातात, त्याची नोंद कोण ठेवतं, हे वैद्यकीय शिक्षण विभागाला विचारायचं. आणि बाल न्याय मंडळावर शासन जे सदस्य नेमतं, त्यांच्या कामाचा आढावा कोण घेतं, हे महिला व बालविकास विभागाला. एका पहाटेच्या अपघाताला पाच खात्यांनी उत्तर द्यायचं होतं. नुसतं ‘कठोर कारवाई’ विचारलं असतं तर त्यातली चार खाती घरी बसून राहिली असती.

त्या मंडळावरच्या दोन सदस्यांना शासनानं पुढे ऑक्टोबर २०२४मध्ये पदावरून दूर केलं. ते एकट्या सभागृहामुळे झालं असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रं, वकील, रस्त्यावर उतरलेले पुणेकर, सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण मंडळाच्या सदस्यांचीही चौकशी होऊ शकते, हे त्याआधी किती जणांच्या मनात होतं?

स्वारगेटला तेच. २५ फेब्रुवारी २०२५ला पहाटे एसटीच्या आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. आरोपी शिरूर तालुक्यात पकडला गेला आणि अटकेवर बरंच बोललं गेलं. अटक हा गृह विभागाचा भाग. पण आगारात बंद गाड्या उघड्या का पडल्या होत्या, रात्रपाळीचे रक्षक कुठे होते, दिवे किती चालू होते, हे सगळं परिवहनचं. प्रश्न कुठल्या मंत्र्याला उद्देशून आहे यावर निम्मं उत्तर ठरतं. त्यानंतर राज्यभरातल्या आगारांची सुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. ते आदेश पाळले गेले का, हे मात्र दर अधिवेशनात आगाराचं नाव घेऊन विचारत राहावं लागतं.

आता प्रश्न लिहायचा कसा, ते सांगते, कारण सगळी गंमत आणि सगळी फसगत तिथेच आहे. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी मागितलं जातं त्याचा, साचा ठरलेला असतो. भाग एक: अमुक ठिकाणी अमुक दिनांकास अमुक घडले, हे खरे आहे काय? भाग दोन: असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? भाग तीन: चौकशीत काय आढळून आले? भाग चार: तद्नुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? भाग पाच: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या भागात तारीख चुकली, गावाचं नाव चुकलं, मृतांचा आकडा एकानं जास्त झाला, की उत्तर येतं ‘हे खरे नाही’. मग खालच्या सगळ्या भागांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’. वर्षभर लोकांनी सोसलेली गोष्ट एका चुकीच्या तारखेवर उडून जाते. प्रश्नात विशेषणं चालत नाहीत, आरोप चालत नाहीत, टोमणे चालत नाहीत. न्यायालयातल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर विचारता येत नाही. मला हे नियम जाचक वाटत नाहीत. राग बाजूला ठेवून नेमकं काय घडलं ते लिहायला बसलं की आपल्यालाच कळतं आपल्या हातात काय आहे आणि काय नाही.

आमच्याकडे एक बाई यायच्या. पोळीभाजी केंद्रात कामाला, रात्री साडेदहाला सुटायच्या आणि महामार्गाखालच्या भुयारी मार्गातून घरी जायच्या. आत दिवे नाहीत, पाणी साचलेलं, दोनदा कुणीतरी मागे लागलेलं. त्यांनी आणलेल्या अर्जात लिहिलं होतं, ‘महिला असुरक्षित आहेत, शासन झोपले आहे काय?’ मी विचारलं, दिवे कधीपासून बंद आहेत? त्यांनी पिशवीतून मुलीची जुनी वही काढली. मागच्या पानांवर पेन्सिलीनं तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’. शेवटच्या महिन्यात सगळेच ‘बंद’. दोन ठिकाणी तारखेला गोल केला होता. ते काय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘त्या दिवशी पळत आले.’

त्या वहीवरून मसुदा झाला. भुयारी मार्गातले दिवे अमुक तारखेपासून बंद आहेत हे खरे आहे काय. देखभालीचं कंत्राट कुणाकडे आहे, मुदत कधीपर्यंत आहे. वीजबिल कोण भरतं. कंत्राटदाराला दंड केला काय. उत्तर आलं: ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि खाली एका ओळीत कबुली होती की देखभालीच्या कंत्राटाची मुदत संपलेली असून नव्याने निविदा काढण्याची कार्यवाही सुरू आहे. तोवर प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं. आता जबाबदारी कुणाची, हे मंत्र्यांच्या नावानं छापलेलं हातात होतं. बाई त्या कागदाची झेरॉक्स घेऊन आमच्याबरोबर संबंधित कार्यालयात आल्या. दिवे लागले. कॅमेरे अजून लागलेले नाहीत. त्याचं आश्वासन सभागृहात दिलं गेलंय आणि ते आश्वासन समितीच्या यादीत आहे. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटलं की ते नोंदलं जातं, पूर्ण झालं की नाही हे तपासायला दोन्ही सभागृहांची स्वतंत्र समिती असते. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं, आणि खरं सांगायचं तर काही आमदारांनाही त्याचा पाठपुरावा करायला वेळ नसतो.

सगळेच प्रश्न मंत्रालयात सुटतात असंही नाही. नवले पुलाचा उतार घ्या. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथे एका ट्रकमुळे चाळीसहून अधिक गाड्यांचा चुराडा झाला, नोव्हेंबर २०२५मध्ये पुन्हा भीषण अपघात होऊन गाड्या पेटल्या, माणसं गेली. रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, म्हणजे उताराची रचना हा दिल्लीचा विषय, तो खासदारांनी लोकसभेत विचारायचा. वाहतूक पोलीस, वेगमर्यादेची अंमलबजावणी, रुग्णवाहिका हे मात्र राज्याचं. आणि गल्लीतलं गटार महापालिकेचं. मार्च २०२२पासून पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात गटाराचे प्रश्नही आमच्याकडे यायचे. महापालिकेची मुख्य सभाच नाही तर माणसानं जायचं कुठे? त्या वर्षांत कळलं की विचारण्याची एक जागा बंद झाली की उरलेल्यांवर किती भार येतो.

कुंडमळ्याची गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही. १५ जून २०२५, रविवार. मावळात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चौघांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलासाठी पैसेही मंजूर झालेले होते. पैसे होते, फलक होता, फक्त काम सुरू झालं नव्हतं. अशा वेळी विचारायचं ते एवढंच: प्रशासकीय मान्यता कोणत्या दिनांकास, निविदा कोणत्या दिनांकास, कार्यादेश कोणत्या दिनांकास, आणि दोन तारखांमधल्या अंतराला जबाबदार अधिकारी कोण. चौकशी समिती नेमणार काय, असं विचारलं की समिती नेमली जाते आणि सगळे तिच्या अहवालाची वाट पाहत बसतात. तारखा विचारल्या की तारखा द्याव्या लागतात.

वाईट कशाचं वाटतं, तेही सांगते. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून गेला की माझा जीव तुटतो. छापील यादीत डझनावारी तारांकित प्रश्न असतात, तोंडी चर्चा मोजक्याच प्रश्नांवर होते, बाकीच्यांची उत्तरं नुसती पटलावर ठेवली जातात. तोंडी चर्चेला आलेल्या प्रश्नावर आमदाराला उपप्रश्न विचारता येतो. मंत्र्यांच्या हातातल्या कागदावर जे नाही ते बाहेर येतं ते याच उपप्रश्नांतून. तो तास कुठल्याही बाजूनं घोषणाबाजीत घालवला तरी नुकसान त्या वहीवाल्या बाईंचं होतं. मला यात पक्ष दिसत नाही.

कधीकधी प्रश्नाचा कायदाही होतो. मृणाल गोरे विधानसभेत असताना १९८६मध्ये त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर आमदारानं स्वतः मांडलेलं विधेयक, आणलं. डॉक्टर आणि महिला संघटना बाहेर लढत होत्या, त्या आत. दोन वर्षांत, १९८८मध्ये, राज्यानं कायदा केला, देशात पहिल्यांदा. केंद्राचा कायदा आला १९९४ला. उलटही होतं. महिलांवरच्या अत्याचारांसाठी आपल्या विधिमंडळानं डिसेंबर २०२१मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. दोन्ही गोष्टी मी एकाच फाईलमध्ये ठेवल्या आहेत.

तेव्हा तुमच्या भागातलं काही विचारायचं असेल तर अधिवेशन सुरू झाल्यावर येऊ नका, तारांकित प्रश्न त्याच्या कितीतरी आधी द्यावे लागतात. येताना सह्यांचं निवेदन नसलं तरी चालेल. घटनेची तारीख, वेळ, जागा, तुम्ही आधी कुणाकडे अर्ज केला त्याची पोच, आणि मिळालं असेल तर त्याचं उत्तर, एवढं आणा. फोटो असेल तर ज्या दिवशी काढला ती तारीख मागे लिहा. आणि तुमच्या आमदारांनी मागच्या अधिवेशनात काय विचारलं, ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांच्या याद्यांत एकदा शोधून बघा. तिथे तुमच्या वॉर्डाचं नाव नसेल तर त्यांना फोन करून विचारा, का नाही.