फोटोत नसलेली पहाट

आमच्या गटात ‘मस्त’ म्हणायला बंदी आहे. ‘कडक’, ‘जबरी’, ‘काय टिपलंय’ हेही चालत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सदाशिव पेठेत एकांच्या घरी आम्ही आठ-नऊ हौशी फोटोवाले जमतो. प्रत्येकाने एकच फोटो आणायचा, तोही सहा बाय आठ कागदावर छापून. मोबाइलवर सगळंच झळाळतं, आणि बोट आपोआप पुढच्या फोटोकडे सरकतं, म्हणून मोबाइल नाही. फोटो सोफ्याच्या पाठीला टेकवायचा, आणि ज्याचा आहे त्याने पोहे खात गप्प बसायचं.

हा शेवटचा नियम महाकठीण. पुण्यात दुसऱ्याच्या चुका काढायचं शिक्षण कोणाला द्यावं लागत नाही; आपल्या चुका निघत असताना घास चावत राहणं मात्र जन्मात कोणी शिकवलेलं नसतं.

फेब्रुवारीत आमच्यातले सत्तरीचे एक काका भिगवणचा फोटो घेऊन आले आणि फोटो टेकवायच्या आधीच त्यांनी नियम मोडला. साडेतीनचा गजर, सोलापूर रस्त्याने शंभर किलोमीटर, कुंभारगावात नाववाल्याने पाजलेला चहा, उजनीच्या पाण्यावरचं धुकं, आणि मग एकदम समोर रोहित पक्ष्यांची रांग. काका सांगतात छान (हे म्हणायला बंदी नाही, बंदी फोटोपुरती). अंगावर शहारा आला. मग फोटो टेकवला. अकरा रोहित, फिकट गुलाबी, आणि पलीकडच्या काठाची काळी रेघ अकराच्या अकरा माना कापत गेलेली. दोरीवर ओळीने वाळत घातल्यासारखे.

कोणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाला, “उजेड सुंदर मिळालाय.” जेवण कसं होतं विचारल्यावर ‘ताक झकास होतं’ म्हणावं, त्यातलाच प्रकार.

आमच्यात एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी आहे. पन्नास एमएमची एकच लेन्स घेऊन मंडईत हिंडते. ती उठली, पाण्याचा तांब्या टेबलाच्या कडेला ठेवला आणि काकांना म्हणाली, “उभे राहून बघा. मागची खिडकीची चौकट तांब्याच्या कुठे येते?” वरून जात होती. “आता हळूहळू खाली बसा.” काका एका हाताने सोफा धरून खाली गेले, तसतसा तांब्या चौकटीवर चढत गेला. “क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं, काका. रोहित चार-साडेचार फुटांचा, त्यात पाय थोडे पाण्यात. नावेत बसून तुमचा डोळा पाण्यापासून तीनेक फुटांवर. म्हणजे रेघ बरोब्बर मानेतून. कॅमेरा पाण्यालगत नेलात तर ती पायांशी येईल.”

“नावेत पालथा पडू? या गुडघ्यांनी?”

“तुमच्या कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन बाहेर फिरतो ना?”

चार वर्षांत काकांनी तो एकदाही फिरवला नव्हता. त्या दिवशी पोहे थंड होईपर्यंत ते तांब्याचे फोटो काढत होते.

मला त्यातलं एक फार आवडलं. साडेतीनच्या गजराबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. काकांना त्या फोटोत गजर ऐकू येतो, चहाची वाफ दिसते, नाववाल्याची बडबडही असते. आम्हाला दिसतात अकरा पक्षी आणि एक रेघ. फोटोत न आलेल्या पहाटेला मार्क द्यायचे नसतात, आणि ती पहाट खोटीही ठरवायची नसते. या दोन्हींच्या मधून बोलायला जमणारे लोक थोडे. मी त्यातला नाही.

गटात मी नवीन असताना एकाने विसर्जन मिरवणुकीचा फोटो आणला होता. बापाच्या खांद्यावर पोर, भोवती ढोलपथक. मी लगेच म्हणालो, “हललाय. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास उघडं असणार, निदान सव्वाशेवा भाग हवा होता.” आकडा बरोबर निघाला म्हणून मला कोण आनंद! हललाय हे त्यालाही दिसत होतं. टिपरू धरलेले हात नुसते पुसल्यासारखे झाले होते आणि त्या सगळ्या दणदणाटात पोराचा चेहरा तेवढा स्थिर होता, हे मला घरी जाताना अलका चौकातल्या सिग्नलला सुचलं. तो पुढच्या महिन्यात आला नाही, नंतरही नाही.

क्रॉप करावं, म्हणजे फोटोच्या कडा कापाव्यात की नाही, यावर आमच्याकडे दरवेळी अर्धा तास जातो. एक जण दरवेळी फ्रेंच छायाचित्रकार कार्टिए-ब्रेसाँचं नाव काढतो: तो म्हणे फ्रेम कापायच्या ठाम विरोधात. मग दुसरा दरवेळी सांगतो, की डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२ सालचा पॅरिसमधला फोटो कापलेलाच आहे. कुंपणाच्या फटीतून काढला होता, कडेला फळी आली होती. दोघेही बरोबर असल्यामुळे वाद मिटत नाही.

आषाढात मी दिवे घाटातला फोटो नेला. माउलींची पालखी सासवडकडे चढते तो दिवस. सकाळपासून वळणावर उभा होतो, पावसाने लेन्स पुसून पुसून रुमाल संपला होता. खाली नागमोडी रस्ताभर माणसं, पताका, सगळं आलं होतं. मंडईवाल्या मुलीने पाहिलं आणि विचारलं, “काका, यात मी कोणाकडे बघू?”

तोंडात पोहे होते. नियम होता.

घरी आल्यावर लग्नाच्या एका पत्रिकेचे कापून दोन काटकोन केले आणि प्रिंटवर सरकवत बसलो. वरचं आभाळ झाकलं, डावीकडची गर्दी झाकली. उजव्या खालच्या कोपऱ्यात कठड्यावर एक बाई बसलेली. तुळशीवृंदावन शेजारी टेकवलेलं, एक पाय मांडीवर, हातात चप्पल. माझ्यापासून दहा फुटांवर असणार, आणि तासभर तरी मी तिच्या डोक्यावरून दरीकडे बघत होतो.

एवढासा तुकडा मोठा केला की फोटो फाटणार, म्हणजे नुसते ठिपके दिसणार, हे उघड होतं. तरी छापून आणला आणि पुढच्या महिन्यातल्या रविवारी टेकवला. मुलगी बराच वेळ बघत राहिली.

“फाटलाय,” ती म्हणाली. मग जवळ जाऊन वाकली. “चपलेचा अंगठा तुटलाय का हो तिचा?”

मी पोह्यांचा मोठा घास घेतला.