आत्याचा कान

बाहेर उणे 31 आणि घर गरम ठेवणारा फर्नेस बंद. एडमंटनच्या जानेवारीत ही काय आफत असते, हे नागपुरात बसून कळायचं नाही. नवतप्यात भरदुपारी लाइट जाते ना, तसंच, फक्त उलट्या बाजूनं. दुरुस्तीवाला सकाळी येणार होता. रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे आत्याच्या नागपुरात, महाल भागात, सकाळचे साडेनऊ. मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला.

"दाखवू नको, ऐकव," ती म्हणाली. "हूं करून राहिला का?"

"हो, पण पंखा फिरत नाही."

"मग मोटर जिवंत आहे. कंडेन्सर गेला असन. मेन बंद कर अन् हात लावू नको. बंद केल्यावरही चटका देते तो."

आत्या दहावी नापास आहे. आतोबांची गिरणी बंद पडली, तेव्हा ती शेजारच्या गल्लीतल्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटरींना नवी तार गुंडाळून द्यायच्या, दुकानात जळक्या मोटरींमधली तांब्याची तार काढायला जाऊ लागली. पैसे किलोवर. तार काढता काढता वेढे मोजायची सवय लागली, आणि मोजलेले वेढे ती पोरांच्या जुन्या वहीत लिहून ठेवायची. दोन वर्षांनी तिनं आपल्या ओट्यावरच काम मांडलं. ती वही अजून आहे.

होळी झाली की नागपुरात कूलर माळ्यावरून उतरतात. गंजलेल्या टाकीला रंग, जाळ्यांत नवं वुडवूल, पंपाची तपासणी, आणि मग कळतं की मोटर जाम आहे. मार्च ते जून आत्याच्या पलंगाखालीसुद्धा मोटरी असायच्या. सुट्टीत मी तिथंच पडलेली. वेढे मोजताना ती कोणाशी बोलत नसे; दारात जावई येवो नाहीतर वसुलीवाला, डावा हात वर. वॉर्निश लावलेल्या कॉइली गच्चीवर वाळत टाकायची. 45 अंशांचं ऊन, फुकटची भट्टी, म्हणायची.

एकदा शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार झाला, भाषणात 'जिद्दी महिला' वगैरे. मला ते कधी पटलं नाही. जिद्दी माणसं आमच्या खानदानात ढिगानं आहेत, आणि बहुतेकांशी बोलणं बंद आहे. आत्याचं वेगळंच होतं. एक गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी तापणारी मोटर घेऊन परत आलं, चांगलंच भडकलेलं. तिनं त्याच्यासमोर बसून कॉइल उलगडली, मोठ्यानं मोजत. चाळीस वेढे कमी भरले. "माझंच चुकलं," म्हणाली आणि लगेच नवी तार कापायला घेतली. ना रडू, ना सबबी. मी इथं सॉफ्टवेअर तपासते. मीटिंगमध्ये माझी चूक निघाली की माझी पहिली सबब तोंडाशी येते, आणि तेवढ्यात तिचं ते मोजणं ऐकू येतं. कधी सबब गिळते, कधी नाही.

सकाळी दुरुस्तीवाल्यानं पाच मिनिटांत कंडेन्सर बदलला. निदान कोणी केलं, म्हणून त्यानं विचारलं. त्याला आत्या, महाल, कूलर हे सगळं समजावणं जमलं नाही. मावशी की आत्या, इथून सुरुवात!

आत्याला कळवलं तर तिचा एकच प्रश्न: "जुना फेकला तर नाही ना? येताना घेऊन ये. पाहू, तिकडचा किती मायक्रोफॅरडचा असते."

बॅगेत मेपल सिरपच्या बाटलीशेजारी, मोज्यात गुंडाळून ठेवलाय.